बत्तीसला तीनने भाग जात नाही

दुसऱ्याची चूक सापडल्यावर चेहऱ्यावर इतकं निखळ सुख पसरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. चूक सापडली की ते डोळे मिटायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि अगदी हळू, जवळजवळ लाडाने म्हणायचे, "तप्पु." तमिळमध्ये तप्पु म्हणजे चूक. दुधाच्या पिशवीवरची तारीख, शेजारणीच्या दारातली रांगोळी, देवळातल्या भटजींचा मंत्र, माझं मराठी, सगळं कधी ना कधी तप्पु ठरलेलं होतं. बरोबर असलेल्या गोष्टीला मात्र त्यांच्याकडे शब्दच नव्हता. बरोबर असलं की ते गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण शाबासकी समजायचं असा त्या घरातला रिवाज होता.

मी सांगलीहून चेन्नईला आले ती गिंडीतल्या एका कंपनीत, गिअरबॉक्सचा आवाज मोजण्याच्या नोकरीवर. वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या आणि दलालाने सांगितलं, मालक मराठीच आहेत, तंजावरकडचे. म्हटलं चला, देव पावला. परमुलखात निदान घरात तरी आपली भाषा कानावर पडेल. पहिल्याच दिवशी मी खाली किल्ली आणायला गेले आणि फोनवर आईला म्हणाले, "थांब, तुला नंतर कॉल करते." मालक आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे मिटले, बोट वर गेलं.

"आमचे लोक तिकडून निघून किती पिढ्या झाल्या अम्मा, तरी आम्हीं भाषा सांभाळली. तुम्हीं तिथेंच राहून काय केलांत तिचं? कॉल करते म्हणे. तप्पु."

आणि लगेच आतल्या बाजूला वळून तमिळमध्ये कॉफी सांगितली. घरातली अर्धी वाक्यं तमिळ, उरलेल्यातले निम्मे शब्द तमिळ, आणि मला मराठी शिकवणार! मी तेव्हा हसले. पुढे हसू येईनासं झालं.

सगळी गल्ली त्यांना कणक्कु सार म्हणायची. कणक्कु म्हणजे गणित, सार म्हणजे सर. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण नाव तेवढ्यावरून पडलेलं नव्हतं. मृदंग वाजवणारे आपल्या तालातल्या हिशेबालाही कणक्कुच म्हणतात, आणि त्या हिशेबात सारांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. बरे बरे वादक त्यांच्याकडे येऊन बसत, म्हणत, सार, सात मात्रांच्या मिश्र चापूत बसेल असं काहीतरी शेवटचं द्या. सार छताकडे बघत, ओठ हलवत, आणि फिल्टरमधून कॉफी गळून होण्याआधी बोलांची रचना तयार. गंमत म्हणजे स्वतः त्यांनी मृदंगाला कधी हात लावलेला नव्हता. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं, रावांच्या घरातला मुलगा चामड्याला हात लावणार नाही. त्यांनी ते ऐकलं. वडिलांचं गणित त्यांनी कधी तपासून पाहिलं नसावं.

त्यांचा उजवा हात कधी स्वस्थ नसे. मांडीवर टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी, उलटा हात, टाळी, उलटा हात. आठ मात्रांचा आदिताल. बोलताना, पेपर वाचताना, वीजबिलाच्या रांगेत. आवर्तन पुरं व्हायच्या आत आपण काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. एकदा माझ्या स्वयंपाकघरात नळ फुटला, मी धावत खाली आले, "सार, पाणी!" तर ते हाताने ताल धरून बसलेले. समेवर आले, मग म्हणाले, "काय?" तोपर्यंत पाणी जिन्यावरून खाली आलं होतं.

पण खोटं कशाला बोलू, हा माणूस मला सुरुवातीला फार आवडला होता. एका रविवारी मी त्यांना माझं काम समजावून सांगत होते. म्हटलं, आम्ही दोन गिअरचे दात मुद्दाम असे ठेवतो की एकाच्या आकड्याने दुसऱ्याला भाग जाऊ नये. भाग गेला तर तोच दात त्याच दाताला पुन्हापुन्हा भेटतो आणि तेवढाच झिजतो. भाग गेला नाही तर सगळे सगळ्यांना भेटतात, झीज वाटली जाते. सार खुर्चीत उठूनच बसले.

"अय्यो, हेंच तर! सातचा बोल आठाच्या तालांत सोडला तर काय होतें? दर खेपेला एक मात्रा अलीकडें सरकतो. छप्पन्नला समेवर परत येतो. तोंवर तालांतल्या हरेक मात्रेला भेटून येतो. तुमच्या कंपनीला हें माहीत आहे तर!"

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी त्यांचं पुष्कळ काही माफ करत आले. आदितालात आठ मात्रा, मात्रेचे चार भाग, म्हणजे एका आवर्तनात बत्तीस. शेवट करताना एकच बोल तीनदा वाजवायचा आणि नेमकं समेवर येऊन थांबायचं, ही जुनी चाल. "पण बत्तीसला तीननें भाग जात नाहीं," सार म्हणाले. "मग काय करायचें? रडायचें? दहा वाजवा. एक सोडा. दहा वाजवा. एक सोडा. दहा वाजवा. झाले बत्तीस. जिथें भाग जात नाहीं तिथें श्वास घ्यायचा, अम्मा. ऐकणाऱ्याला वाटतें, वा, काय सुंदर थांबला. सुंदर कसलें, ती बाकी आहे. भागाकारांतली बाकी."

त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की हा माणूस शहाणा आहे. भाग जात नाही तिथे श्वास घ्यायचा, हे ज्याला कळलं त्याला माणसं कळत असणारच, असा माझा समज. समज कसला, माझा निव्वळ भाबडेपणा. त्यांना ते फक्त बत्तीसच्या बाबतीत कळलेलं होतं.

मैफिलीला ते नियमाने जात, पहिल्या रांगेत बसत. इथे श्रोत्यांनी मांडीवर ताल धरणं ही रीतच आहे, पण सारांच्या शेजारच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहत. वादक जरा जरी घसरला तरी यांचा हात मोठ्याने समेवर पडे. गाणारे अशा वेळी सांभाळून घेतात, हसून पुढे जातात, तीही इथली रीत आहे. सारांना ती मान्य नव्हती. कोणतं गाणं झालं असं घरी आल्यावर विचारलं तर त्यांना आठवत नसे. गाणं ऐकायला ते जातच नसत, हिशेब तपासायला जात. इथल्या लग्नांत मंगळसूत्र बांधताना तविल आणि नादस्वर, म्हणजे इथले ढोल आणि सनई, एकदम जोरात, बेभान वाजायला लागतात, कुणाची शिंक किंवा अभद्र शब्द वधूवरांच्या कानावर पडू नये म्हणून. त्याला ताल नसतोच. एकदा तिथेही सारांनी तविलवाल्याला गाठून विचारलं होतं, हें कितीचं? तो बिचारा म्हणाला, सार, हें लग्नाचं.

आता अक्का. त्यांची मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली. वडिलांना जे स्वतःला करता आलं नाही ते त्यांनी हिच्या हातांनी करायचं ठरवलं. बोटं वळवायला एक गुरू लावले आणि हिशेब स्वतः शिकवला. मृदंगावर बाई बसलेली बघायला इथले पुष्कळ जुने लोक आजही खळखळ करतात. सारांना त्याची पर्वा नव्हती, आणि हे मी त्यांच्या बाजूने सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

अक्काच्या वेण्या घालताना ते पाढे नव्हे, बोल म्हणून घेत. ताटात भात वाढता वाढता विचारत, पाचाचा बोल, दोन आवर्तनं, समेला येण्यासाठीं कुठून उठशील? उत्तर येईपर्यंत सांबार मिळत नसे. "सांबार निवून जायचा," अक्का मला सांगायची, "पण सम कधीं चुकली नाहीं." हे ती अभिमानाने सांगायची. एवढी मोठी बाई, मोठ्या मोठ्या वादकांनी वाखाणलेली, आणि वाजवून झालं की आधी वडिलांकडे बघायची. ते गप्प असले की तिचा चेहरा उजळायचा. त्या घरात सगळी झीज एकाच दातावर होत होती, आणि त्या दाताला वाटत होतं हाच आपला मान.

मग तो मार्गळी महिना आला, म्हणजे इथला डिसेंबरातला संगीताचा हंगाम. एका चांगलं नाव असलेल्या गायिकेने अक्काला साथीला बोलावलं. अशा ठिकाणी बाईला मृदंगावर बसवणं अजून सर्रास होत नाही. इथे जमलं तर पुढचे हंगाम उघडले, हे अक्कालाही माहीत होतं आणि गल्लीलाही. सारांनी तिच्या एकट्या वादनाचा शेवट स्वतः बांधून दिला. दहा, एक, दहा, एक, दहा. हेच तीनदा वाजवायचं आणि समेवर गाणं हातात द्यायचं. घरभर आठवडाभर तेच चाललेलं. माझ्या भांड्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

ऐन मैफिलीत गायिकेचा घसा कुरकुरायला लागला. ठरलेलं मुख्य गाणं उंच जात होतं, म्हणून तिने दुसरंच घेतलं. ठरलेलं गाणं समेवर उठत होतं. हे नवं गाणं सम गेल्यावर अर्धी मात्रा सोडून उठतं. म्हणजे आता शेवट समेवर न येता दोन भाग पुढे यायला हवा, तरच गाणं अलगद उचलता येईल. विचारायला वेळ नव्हता, आणि विचारणार कुणाला? अक्काने पहिल्या दोन वेळा वडिलांची रचना होती तशीच वाजवली. तिसऱ्या वेळी दहा वाजवून तिने एकाच्या जागी दोन सोडले. फक्त एवढंच. दहा, दोन, दहा, दोन, दहा. चौतीस. गाण्याच्या उठावावर बिनचूक.

पण पहिल्या दहानंतर ती दुसरा भाग थांबली मात्र, पहिल्या रांगेत सारांचा हात मांडीवर फाडकन् पडला आणि त्यांच्या तोंडून गेलं, "तप्पु!"

एरवी हळू म्हणणारा माणूस. त्या दिवशी मोठ्याने म्हणाला. पोटच्या मुलीची चूक, तीही आपल्याच रचनेतली, सहन झाली नसेल. मी मागच्या रांगेत होते, तिथपर्यंत ऐकू आलं. अक्काने मान वर केली नाही, हात थांबवला नाही, चौतीस पुरे केले. पण गायिका गोंधळली. तिला वाटलं बाप म्हणतोय म्हणजे पोरगी घसरली, सांभाळून घ्यावं, म्हणून ती समेवरच घाईने शिरली. व्हायोलिनवाला तिसरीकडे. क्षणभर तिघं तीन वाटांना आणि सभागृहभर कुजबुज. मग सगळे कसेबसे एकत्र आले, टाळ्याही पडल्या, असल्या वेळी पडतात तशा.

बाहेर कँटीनमध्ये कॉफीचे टंबलर हातात घेऊन मंडळी बोलत होती. "अहो, दुसरा कुणी म्हणाला असता तर ठीक. कणक्कु सारांनी स्वतःच्या मुलीची चूक दाखवली. माणूस असावा तर असा." गायिकेने जाताना अक्काच्या खांद्यावर हात ठेवला, पर्वा नाही मा, असू दे, म्हणाली. पुन्हा तिचा फोन आला नाही. दुसऱ्या कुणाचाही आला नाही.

मी ती मैफिल अक्कासाठी मोबाईलवर घेतली होती. मला तालातलं कळत नाही, पण ठोके मोजणं हेच माझं पोट आहे. ऑफिसात ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकलं, ठोक्यांचे उभे पट्टे पडद्यावर दिसले, आणि मी मोजले. चौतीस. मग अक्काकडून समजून घेतलं की चौतीस का. मी तशीच खाली सारांकडे गेले आणि मोबाईल त्यांच्या कानाशी धरला.

त्यांनी ऐकलं. हात आपसूक ताल धरू लागला. मग म्हणाले, "गाणं पहिल्यापासून लावा." मी लावलं. गाण्याची ओळ समेनंतर उठली, आणि त्यांचा हात मधल्या बोटाशी येऊन थांबला. आवर्तन पुरं न करता थांबलेला तो हात मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, आत जाईल, मुलीला जवळ घेईल. निदान हाक मारेल.

ते म्हणाले, "हें तिला कुणीं शिकवलं?"

"कुणी नाही सार. तिचं तिनेच केलं. तिथल्या तिथे."

"मला न विचारतां?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "सार, बरोबर कोण होतं ते सांगा."

त्यांनी मोबाईल हाताने दूर सारला. मग म्हणाले, "ती." तो शब्द त्यांच्या तोंडून दात उपटून काढल्यासारखा बाहेर आला.

"मग तिला सांगा. आणि त्या सभेतल्या लोकांनाही सांगा, कारण तप्पु तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात."

"सरी, सरी. ठीक आहे, बघूं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

मी आत जाऊन अक्काला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मी बरोबर होतें हें मला तुमच्या कॉम्प्युटरनें सांगायला नको. तुम्हीं सांगून काय उपयोग? त्यांनीं म्हटलं पाहिजे. चार माणसांत म्हटलं पाहिजे. तोंवर मी हात लावणार नाहीं."

आणि ती खरोखर वाट बघत बसली. तिच्यासारख्या मुलीने वडिलांना घातलेली ही आयुष्यातली एकच अट. दुसरं तिने काही मागितलं नव्हतं. सार रोज सकाळी पार्कात त्याच मैफिलीला असलेल्या मंडळींबरोबर फिरायला जात होते. तोंड उघडायला तेवढी जागा पुरे होती. विषय निघायचाही. मी एकदा मागून चालत होते, माझ्या कानांनी ऐकलं. कुणीतरी म्हणालं, मुलगी हल्ली वाजवत नाही का? सार म्हणाले, "लहान आहे अजून. एका चुकीनें मन खचलं. मी कांहीं मनांत ठेवलं नाहीं." म्हणजे यांनी तिला माफ केलं होतं! इतकी चीड मला क्वचित कुणाची आली असेल. गणिताचा मास्तर, आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाई सांडली, आणि स्वतःचं उत्तर चुकलं तर एक रेघ मारवेना.

अक्काने मग एन्नोरच्या बाजूला एका कंपनीत नोकरी धरली, हिशेबाच्या खात्यात. जवळ मिळत असताना मुद्दाम लांब धरली, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस संपावा. केसांना तिकडच्या वीजकेंद्राच्या राखेचा वास घेऊन यायची, जेवायची, झोपायची. मृदंग तिच्या खोलीत कोपऱ्यात. त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे साठत. मी विचारलं तर म्हणायची, "सपाट आहे ना, बरं पडतं." मला त्या घरात राहवेना. गिंडीजवळ जागा मिळाल्यावर मी निघाले. निरोप घ्यायला गेले तेव्हा सारांनी माझ्या सामानाच्या टेम्पोचा नंबर वाचला आणि म्हणाले, "ह्याला सातनें भाग जातो."

काही वर्षांनी अक्काचा फोन आला. अप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली. मी भेटायला गेले. आरामखुर्चीच्या जागी पलंग होता. उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, तो कुणाचा दुसऱ्याचाच असावा तसा. वाचाही गेली होती, म्हणजे एक शब्द सोडून सगळी. डॉक्टरांनी अक्काला सांगितलं होतं, काही जणांचा असा एखादाच शब्द राहतो, बहुधा तोंडात सर्वांत मुरलेला. सारांचा कोणता राहिला ते सांगायला नको. पाणी हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच. अक्का चादर बदलत होती आणि ते म्हणत होते, तप्पु. नर्सने गोळी दिली, तप्पु. मी आत आले, मला ओळखलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "तप्पु." मला हसू येईल की रडू ते कळेना, म्हणून मी खिडकीकडे बघत बसले.

अक्काने इडली दुधात कुस्करून आणली. ती चमच्याने भरवू लागली. दोन घास गेले. तिसऱ्याला सारांनी तोंड बाजूला केलं आणि डावा हात उचलला. त्या हाताने त्यांनी आधी अक्काचं मनगट धरलं, मग तिचा हात उलटा करून तिच्या बोटांची टोकं चाचपली. मृदंगाने कडक झालेली ती टोकं आता मऊ झाली होती. ते त्यांना कळलं. त्यांनी तिचा हात सोडला, आपला हात आपल्या छातीवर ठेवला, आणि तिच्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "तप्पु."

ह्या वेळी त्यात कसलाही गोंधळ नव्हता. छातीवर हात आपटून आपटून ते तेच म्हणत राहिले. एवढ्या एका शब्दात जे सांगता येईल ते ते सांगत होते. मी अक्काकडे बघितलं. म्हटलं, आता तरी.

अक्काने चमचा वाडग्यात ठेवला. वाकून त्यांच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध पदराने पुसलं. मग शांतपणे म्हणाली, "कळलं, अप्पा. पण हें चार माणसांत म्हणायचं होतं."

सार गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात चादरीवर हलू लागला, टाळी, करंगळी, अनामिका, आणि तिथून पुढचं बोट काही केल्या सापडेना. पुन्हा टाळी, करंगळी, अनामिका. अक्काने थोडा वेळ बघितलं, मग तो हात धरला, चादरीखाली सारून ठेवला आणि वाडगं उचलून त्यांना भरवू लागली.